बटण, लेबल नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी सुरू झाली. ताई म्हणते, डोक्यात घोळवत बसतोस त्यापेक्षा कागदावर उतरव, निदान जेवताना तरी बोलशील. म्हणून लिहायला घेतलं.

आमची संस्था अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत भिंतींना स्पंज लावलाय. तिथे आवाजकाका माइकसमोर बसून वाचतात. बाहेरच्या खोलीत संस्था काढणाऱ्या बाई, दोन टेबलं, फोन आणि आता मी. आजवर ही पुस्तकं मेमरी कार्डात भरून टपालाने जायची. कार्डं भरायचं मशीन बंद पडलं, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि पाकिटं भरायला येणारी मंडळी आता स्वतःच औषधांच्या वेळा सांभाळतात. म्हणून बाईंनी ठरवलंय की सगळी पुस्तकं वेबसाइटवर ठेवायची आणि महिनाअखेर टपाल बंद करायचं. ती साइट मी करायची आहे. तीन महिने बघतील, मग ठरवतील.

माझं भांडवल म्हणजे बॅनरच्या दुकानातलं टायपिंग आणि व्हिडिओ बघून शिकलेलं साइटचं काम. शिक्षण विचारल्यावर मी बारावी नापास, दोनदा, असं सांगून टाकलं. बाई माझ्या अर्जाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही रे." आणि ठेवून घेतलं.

ऱ्हस्व-दीर्घावर नोकरी मिळाली हे भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, पगारही दीर्घ आहे का विचारायचंस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक नमुन्याचं पान करून वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहिलं. बाईंच्या फोनवर ठीक, ताईच्या फोनवर ठीक. आवाजकाकांच्या जुन्या फोनवर जोडाक्षरं फुटली. रफार एका अक्षरावरून उडून दुसऱ्यावर बसला. 'मार्ग'चं काय झालं होतं ते इथे लिहवतही नाही. काका म्हणाले, समजतंय की, चालेल. मला चालणार नाही. ज्यांच्यापाशी कसले कसले फोन असतील त्यांच्यापर्यंत संस्थेचं नाव मोडक्या अक्षरांत जायचं?

दुपारी उपाय सुचला. बॅनरच्या दुकानात कुठलंही काम छपाईला जाण्याआधी अक्षरं 'कर्व्ह' करतात. म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचं चित्र करून टाकायचं. मग ते अक्षर उरत नाही, नुसता आकार उरतो. मशीन कुठलंही असो, त्याला मोडता येत नाही. दुकानातला पहिलाच धडा तो. साइटचं प्रत्येक पान, प्रत्येक पुस्तकाचं नाव, प्रत्येक बटण मी असंच करणार आहे. वेळ लागेल, पण झोप तरी येईल.

श्रोत्यांपैकी कुणाला आधी विचारावं का, असं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी होऊ दे, मग दाखवू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साइट सुरू झाली. देणगीदार आले होते. त्यांनी माउसवर बोट ठेवलं, फोटो निघाला, पहिलं पान उघडलं. बराच वेळ ते त्याकडे बघत राहिले. म्हणाले, इतकं देखणं काम मोठ्या संस्थांचंही नसतं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

श्रोत्यांपैकी कुणी नव्हतं. आपला जिना अवघड आहे, आणि कार्यक्रम तसा बघण्यासारखाच, म्हणून त्यांना उगाच त्रास दिला नाही, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांना फोनवर निरोप मात्र गेलाय.

मी घरी येऊन चार फोनवर साइट तपासली. एकाही अक्षराला धक्का नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साइट किती वेळा उघडली ते मला दिसतं. पहिलं पान खूप वेळा उघडलंय. त्याच त्याच फोनवरून पुन्हा पुन्हा उघडलंय. आतलं पान कुणीच उघडलेलं नाही. एकही पुस्तक ऐकलं गेलेलं नाही.

काकांचं म्हणणं, आवडलं असणार, म्हणून परत परत येतात. मला तसं वाटत नाही. आवडलं तर माणूस आत जातो. दारापर्यंत येऊन परत फिरायला काय कारण असेल? रंग भडक आहे का? निळ्याऐवजी हिरवा करून पाहिला, परत निळा केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वकीलसाहेबांचा फोन आला. त्या अजून वकील नाहीत, पण संस्थेत सगळे तसंच म्हणतात. जन्मापासून दिसत नाही. कायद्याची शेवटची परीक्षा सतरा मार्चपासून आहे आणि नियमाप्रमाणे ही त्यांची शेवटची खेप. यात राहिल्या तर सगळं गेलं. करार कायद्याचं नवं पुस्तक काकांनी खास त्यांच्यासाठी वाचून संपवलंय आणि ते साइटवर आहे.

त्यांनी विचारलं, पुस्तक कुठे ठेवलंय? मी शांतपणे समजावलं. पान उघडलं की वर उजवीकडे निळं बटण दिसेल.

मग त्या म्हणाल्या, "निळं म्हणजे कसं असतं हो?"

मला इतकी लाज वाटली. घाईघाईने म्हणालो, रंगाचं सोडा, उजवीकडचं बटण. त्या म्हणाल्या, बरं, बघते. बघते म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. फोन जुना आहे, त्याचाच दोष असेल, असंही म्हणाल्या. मी म्हणालो, असेल. जुन्या फोनचा अनुभव मलाही आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आत अजून कुणी नाही. रविवार पूर्ण बसून बटण दुप्पट मोठं केलं, अक्षरं जाड केली, मागचा रंग काळा केला. आता चुकून नजरेतून सुटणार नाही.

टपाल शुक्रवारी बंद होतंय. बाईंना म्हटलं, थोडं पुढे ढकलू या. त्या म्हणाल्या, सवय लागायला वेळ लागतोच, जुनं दार उघडं ठेवलं तर नव्याने कुणी येत नाही. बरोबर असेल. पण रात्री मला तोंडावर लावलेलं दार दिसत राहतं आणि बाहेर उभी माणसं.

भाऊजींनी विचारलं, तुझ्या साइटवर गर्दी किती? मी म्हणालो, दाराशी बरीच आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहितो.

वकीलसाहेब स्वतः आल्या. जिना काठीने मोजत चढल्या, खुर्ची चाचपून बसल्या आणि हातात फोन धरून मला म्हणाल्या, तुम्हीच ना ते शुद्धलेखनवाले? इकडे या. ऐका.

त्यांचा फोन बोलतो. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते तो वाचून सांगतो. असं काही असतं हे मी ऐकलं होतं. बोट लावून वाचलेलं मात्र पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी आमची साइट उघडली आणि वरून खाली बोट फिरवत नेलं.

फोन म्हणाला, प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा. बटण, लेबल नाही. प्रतिमा. बटण, लेबल नाही.

त्या म्हणाल्या, "भावाचा नवा फोन घेतलाय. हेच बोलतो. आता मला सांगा, यातलं निळं कुठलं?"

मला वाटलं, खालचं दुकान, जिना, सगळं थांबलं. मी प्रत्येक अक्षराचं चित्र करून टाकलं होतं, कुठल्याही मशीनला मोडता येऊ नये म्हणून. कुठल्याही मशीनला वाचताही येऊ नये, इतका बंदोबस्त मी केला होता. अंधांच्या संस्थेत बसून. आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने वाहवा केली, कारण ते पाहत होते.

मी ते त्यांना सांगितलं. कर्व्ह म्हणजे काय तेही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही पाटी सुंदर रंगवली आणि काचेच्या पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, परीक्षेला तीन आठवडे नाहीत, ओरडायला वेळ नाही, पुस्तक द्या. काकांनी त्यांच्या फोनमध्ये तारेने पुस्तक भरून दिलं.

एवढं साधं. पण बाकीचे श्रोते जिना चढून येणार नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना सांगायला सकाळी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, पोटात दुखतंय का रे? सांगितलं.

त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन, माझ्याच फोनवर, डोळे मिटून पान ऐकलं. त्यांना राग आला, पण स्वतःचाच. म्हणाल्या, "वीस वर्षं यांच्यासाठी काम करतेय आणि मी तुला सांगितलं, आधी होऊ दे, मग दाखवू. दाखवू म्हणाले मी."

टपाल बंद करायचं रद्द झालं. शेजारच्या कॉम्प्युटरवर एकेक कार्ड भरून पाठवायचं ठरलं. मशीन नाही, पण हात आहेत. देणगीदारांना बाईंनी फोन केला. त्यांनी विचारलं, पण दिसतं तर छान ना?

मला काढतील असं धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, जाऊन नव्याने कर, आणि या वेळी बघू नकोस.

४ मार्च, मंगळवार

वकीलसाहेबांनी अट घातली की पान झालं की स्क्रीनवर कापड टाकून ऐकायचं. डोळ्यांना आवडलं का ते विचारायचंच नाही. टेबलाचा रुमाल घेतला आहे.

सगळा मजकूर साध्या अक्षरांत टाइप करतोय. काकांच्या फोनवर रफार अजून उडतो. काळजाला ओरखडा येतो. पण कापड टाकून ऐकलं तर फोन 'मार्ग' अगदी स्वच्छ म्हणतो. अक्षर कसं दिसतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शुद्ध लिहिलंय का याच्याशी मात्र आहे. एका ठिकाणी मी 'दिन'चं 'दीन' केलं होतं, तर तो ई असा लांबवून बोलला की मला खोलीभर शोभा झाल्यासारखं वाटलं. खोलीत मी एकटाच होतो.

फाइलींची नावंही नीट करतोय. 'फायनल नवीन दोन' ऐकून कुणाला काय कळणार? आता 'करार कायदा, प्रकरण पाच, वाचन आवाजकाका'. फोटोंना शब्दांत वर्णन जोडायचं असतं हेही नव्याने कळलं. उद्घाटनाच्या फोटोला लिहिलं, 'माउसवर बोट ठेवलेले देणगीदार, मागे बाई, डोळे मिटलेल्या.' बाई म्हणाल्या, डोळे मिटलेल्या काढ. मग म्हणाल्या, राहू दे.

आणि आधी पाच श्रोत्यांना देतोय. ते फोनवर अडचण सांगतात, मी दुरुस्त करतो, मगच सगळ्यांना. बाईंनीच ठरवलं.

१० मार्च, सोमवार

आतली पानं उघडली जात आहेत. पुस्तकं ऐकली जात आहेत. एका गृहस्थांनी फोन करून तक्रार केली की काका फार खोकतात. काका इतके खूश झाले. म्हणाले, म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं.

मला आनंद व्हायला हवा. होतोय, पण मी सारखं कापड टाकून ऐकत असतो. ताई म्हणते, घरातही डोळे मिटून बसू नकोस, पाहुण्यांना वाटतं जांभई दाबतोस.

१३ मार्च, गुरुवार

वकीलसाहेबांचा लेखनिक आजारी पडला. त्या उत्तर सांगणार, तो लिहिणार, असं असतं. परीक्षा सोमवारी. रुग्णालयातून त्याने कळवलं की उठता येत नाही.

बाईंनी मला साइटवर आणि फोनच्या गटांवर सूचना टाकायला सांगितली. लेखनिक हवा, मराठी अक्षर सुवाच्य, चार पेपर. तासाभरात इतकी उत्तरं आली की फोन गरम झाला. फेब्रुवारीत आतल्या पानावर कुणी येत नव्हतं, आणि आता अख्खं गाव हात वर करून उभं. बाई म्हणाल्या, बघ, इंटरनेट कशाला हवं ते आज कळलं.

मग एकेकाला फोन केला. इंजिनिअर. प्राध्यापक. बँकेतले अधिकारी, निवृत्त. डॉक्टर, फक्त अक्षर सोडून सगळं देऊ शकणारे. सगळे पदवीधर. आणि परीक्षेचा नियम असा की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी तरी कमी पाहिजे, म्हणजे पदवी नको. आमच्या सूचनेत ते लिहिलंच नव्हतं. ती सूचना मी लिहिली होती. शुद्ध होती.

मी नवी सूचना टाइप करायला बसलो. 'पदवीधर नसलेला' इथपर्यंत आलो आणि लक्षात आलं की बाई माझ्याकडे बघताहेत.

१५ मार्च, शनिवार

परीक्षा कार्यालयात जाऊन कागद दिले. खिडकीतल्या माणसाने दोन्ही गुणपत्रिका मागितल्या, दोन्ही नापासाच्या. बघून म्हणाला, छान, बसतं नियमात. एवढ्या वर्षांत त्या गुणपत्रिकांना कुणी छान म्हटलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी दोन तास सराव घेतला. नियम कडक आहेत. त्या बोलतील तेच लिहायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. चूक वाटली तरी सांगायचं नाही, खुणावायचं नाही. उत्तर संपलं की त्या परत वाचायला सांगतील, ते सपाट आवाजात वाचायचं, फोनसारखं. मी विचारलं, शुद्धलेखन? त्या म्हणाल्या, ते तुमचं, त्यात मी पडत नाही.

भीती वाटते. माझ्या परीक्षेला वाटली नव्हती इतकी. तेव्हा नापास झालो तर मीच होणार होतो.

१७ मार्च, सोमवार

पहिला पेपर करार कायद्याचा. वेगळी खोली, दोन बाकं, दाराशी पर्यवेक्षक.

त्या फार छान सांगतात. वाक्य पूर्ण डोक्यात बांधून मग बोलतात, पूर्णविराम ऐकू येतो. पहिल्या दोन उत्तरांच्या शेवटी मी सपाट आवाजात वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी शब्द बदलायला लावला.

तिसऱ्या प्रश्नात त्या म्हणाल्या, धाक दाखवून करून घेतलेला करार शून्य असतो.

पुस्तकात तसं नाही. साइटसाठी प्रकरणांची नावं टाइप करताना मी ते पान वाचलं होतं. 'शून्य करार' हे एक प्रकरण, 'शून्यकरणीय करार' हे दुसरं. करणीयमधला 'णी' दीर्घ आहे ना हे शब्दकोशात बघितलं होतं, तेव्हा अर्थही वाचला. शून्य म्हणजे करार मुळात नाहीच. शून्यकरणीय म्हणजे आहे, पण ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला तो मोडता येतो. धाकाचा करार दुसऱ्यात बसतो. त्यांना हे माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक आहे. बोलण्याच्या ओघात अर्धा शब्द राहून गेला.

माझं पेन 'शून्य'पाशी थांबलं. किती वेळ ते माहीत नाही, फार नाही. मग 'असतो' लिहिलं आणि पूर्णविराम दिला. त्या पुढचं सांगू लागल्या.

ते उत्तर संपल्यावर त्यांनी परत वाचायला सांगितलं नाही. वेळ कमी उरला असावा. थेट चौथ्या प्रश्नावर गेल्या. चौथं आणि पाचवं उत्तर मात्र परत वाचायला लावलं.

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत उभे होतो. त्या म्हणाल्या, पेपर दिलाय आता, विचारायला हरकत नाही. "तिसऱ्यात तुमचं पेन थांबलं होतं. कशापाशी?"

मी सांगितलं.

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, मला आवाज थांबलेला ऐकू आला. काहीतरी चुकलंय एवढं कळलं. परत वाचायला सांगितलं असतं तर मिळालं असतं.

मी विचारलं, मग का नाही सांगितलंत?

त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबलात म्हणून. नाहीतर सांगितलंच असतं, नेहमीसारखं. पण मग ते उत्तर आपल्या दोघांचं झालं असतं."

रिक्षा आली. बसताना म्हणाल्या, एका शब्दाने नापास होत नाही कुणी, तोंड पाडू नका. तोंड पाडलंय हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. गुरुवारी दुसऱ्या पेपरला येताय ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला चालेल? त्या म्हणाल्या, चालेल, फक्त हात थांबवू नका.

१८ मार्च, मंगळवार

बाईंनी विचारलं, पेपर कसा गेला? मी म्हणालो, त्यांना विचारा. दिवसभर दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही. मी थांबलो नसतो, तर त्यांनी परत वाचायला लावलं असतं. अर्धा शब्द जागेवर आला असता. मी काळजी घेतली, म्हणून राहिला. हे कुणाला सांगावं तेही कळत नाही. निकाल मे महिन्यात.

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळी ताईला म्हटलं, मला मुद्दाम चुकीचं काहीतरी सांग, मी न थांबता लिहिणार. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून खुर्ची ओढून बसली. सूर्य पश्चिमेला उगवतो. लिहिलं. बर्फ गरम असतो. लिहिलं. दोन आणि दोन सात. इथे पेन अडखळलं. पुन्हा. दोन आणि दोन सात. लिहिलं.

भाऊजींना खेळ आवडला. हातपाय धुऊन तेही येऊन बसले. मासे झाडावर राहतात. तुझी ताई कधी रागवत नाही. यावर ताई उठली, परत बसली. मी सगळं लिहीत गेलो, मान खाली घालून, सपाट, एका गतीने. कानांनी पेनचा आवाज ऐकत होतो. मध्ये खंड पडत नव्हता.

मग भाऊजी म्हणाले, माझा मेहुणा बारावी पास झाला.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. माझा मेहुणा बारावी पास झाला, पूर्णविराम. हात थांबला नाही.